‘गुऱ्हाळ’ नीट छापणारी लायब्ररी

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका गूळ अडत्यांचे काम आमच्याकडे आले. राजारामपुरीत आमचे चौघांचे छोटे कार्यालय आहे आणि दुकानांचे हिशोब, बिले, साठा यांचे प्रोग्रॅम लिहिणे हा आमचा नेहमीचा व्यवसाय आहे. काम वरकरणी साधे होते. शेतकऱ्याने आणलेल्या गुळाचा सौदा झाला की त्याच्या नावे जी पट्टी निघते, ती मराठीत छापायची. तिच्यावर रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, संख्या, वजन, दर, एकूण रक्कम, त्यातून वजा होणारी हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल, आणि शेवटी हातात पडणारा आकडा. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात, त्या दिवशी पहिली पट्टी नव्या प्रोग्रॅममधून निघावी एवढीच त्यांची अट होती.

दुकानातला जुना प्रोग्रॅम जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटवर चालत असे. त्यात पडद्यामागे साठवलेली अक्षरे रोमन असतात आणि फाँट त्यांना मराठीचे रूप देतो. फाँट बदलला की सगळा मजकूर निरर्थक होतो. आम्ही ती सगळी माहिती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणली, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नवा प्रोग्रॅम लिहिला आणि पीडीएफ बनवणारी जी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला आयता कोड, इंग्रजी बिलांसाठी वर्षानुवर्षे वापरत होतो, तीच इथेही जोडली. तिचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण देवनागरी नीट उमटेल असा दावा तिच्या माहितीपत्रात कुठेही नव्हता. तो आमचा समज होता.

पहिली पट्टी घेऊन मी दुकानात गेले. दिवाणजींनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ‘किलो’ या शब्दातली वेलांटी क सोडून ल वर जाऊन बसली होती, त्यामुळे तो ‘कलिो’ असा दिसत होता. ‘खर्च’ मधला रफार च च्या डोक्यावर चढलाच नव्हता. र खाली पाय मोडून तसाच उभा होता. ‘कोल्हापूर’ मधले ल आणि ह एकमेकांना जोडलेच नव्हते. “मॅडम, हे अक्षर लागत नाही,” ते म्हणाले. “शेतकरी पट्टी बघून पैसे मोजून घेतो. त्याला त्याचंच नाव लागलं नाही, तर तो आकड्यावर तरी विश्वास कसा ठेवणार?” या वाक्याने माझ्या दृष्टीने कामाचे स्वरूप बदलले. पट्टी हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचा एकमेव लेखी पुरावा असतो आणि तो त्याला वाचता आलाच पाहिजे.

त्यानंतरचे दोन दिवस मी ‘मराठी फाँट पीडीएफमध्ये तुटतो’ अशा शब्दांत शोध घेत राहिले आणि मिळणाऱ्या प्रत्येक सल्ल्याप्रमाणे फाँट बदलत राहिले. काहीही बदलले नाही. तिसऱ्या दिवशी मी एका एआय सहाय्यकाला तुटलेल्या शब्दांचे वर्णन करून कारण विचारले. त्याने पहिल्याच उत्तरात अडचणीला तिचे खरे नाव दिले. दोष फाँटचा नसून ‘शेपिंग’ न होण्याचा आहे, असे त्याने सांगितले. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘कि’ मध्ये आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी क च्या आधी काढावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो, जोडाक्षराचे वेगळे रूप फाँटमधून निवडावे लागते. ही मांडणी करणारा एक स्वतंत्र टप्पा लागतो, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे काम मुख्यतः हार्फबझ नावाचे इंजिन करते. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड यांच्यातही तेच आहे. म्हणूनच पडद्यावर ‘किलो’ बरोबर दिसत होता आणि कागदावर बिघडत होता. ज्या लायब्ररीत हा टप्पाच नाही, तिला जगातला कोणताही फाँट दिला तरी उपयोग नसतो.

अडचणीचे नाव कळणे ही मला एआयकडून झालेली सर्वांत मोठी मदत होती, हे मी मनापासून सांगते. आपल्याला जे म्हणायचे आहे त्यासाठी जाणकार कोणता शब्द वापरतात हे ठाऊक नसेल, तर शोधयंत्रापुढे तासन्‌तास घालवूनही हाती काही लागत नाही.

पुढचा प्रश्न मात्र मी चुकीचा विचारला. ‘मराठी पीडीएफसाठी सर्वांत चांगली मुक्त पायथन लायब्ररी कोणती?’ असे मी लिहिले आणि काही क्षणांत पाच नावांचा सुबक तक्ता समोर आला. लोकप्रियता, वापरण्यातली सोय, परवाना, देवनागरी अशा रकान्यांत सगळीकडे उत्तरे भरलेली होती आणि देवनागरीच्या रकान्यात पाचही ठिकाणी ‘होय’ होते. त्या पाचांत आमची जुनी लायब्ररीही होती, जिने छापलेला ‘कलिो’ माझ्या टेबलावरच पडला होता. एक रकाना डोळ्यांदेखत खोटा ठरल्यावर उरलेल्या रकान्यांवर विसंबण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी एकेक नाव पायपीआय या पायथनच्या अधिकृत भांडारात शोधू लागले, जिथून लायब्रऱ्या ‘पॅकेज’ म्हणून उतरवून घेता येतात.

पाचपैकी एक नाव तिथे नव्हतेच. प्रोग्रॅमांचा मूळ कोड जिथे ठेवला जातो त्या गिटहब या संकेतस्थळावरही नव्हते. नाव अगदी खरे वाटेल असे होते, भारतीय लिप्या आणि पीडीएफ हे दोन्ही शब्द त्यात होते, आणि सहाय्यकाने ते बसवण्याची आज्ञा व चार ओळींचे उदाहरणही दिले होते. ते नाव मी इथे मुद्दाम देत नाही. अशा सहाय्यकांमागची भाषिक प्रारूपे अशी अस्तित्वात नसलेली पॅकेजे वारंवार सुचवतात, आणि तेच ते नाव पुन्हा पुन्हा सुचवले जात असेल, तर कोणीही त्या नावाने घातक पॅकेज भांडारात चढवून वाट पाहत बसू शकतो. अमेरिकेतील विद्यापीठांच्या संशोधकांनी १६ प्रारूपांकडून ५,७६,००० कोडचे नमुने लिहून घेऊन याचा अभ्यास केला होता. त्यात व्यावसायिक प्रारूपांनी सुचवलेल्या पॅकेजांपैकी सरासरी किमान ५.२ टक्के आणि मुक्त प्रारूपांनी सुचवलेल्यांपैकी २१.७ टक्के पॅकेजे अस्तित्वातच नव्हती, आणि अशा काल्पनिक नावांची संख्या दोन लाखांच्या वर गेली. हा अभ्यास मी आधी वाचला होता, तरीही त्या दिवशी बसवण्याची आज्ञा मी कॉपी करून ठेवली होती. घाईत असलेला माणूस ती चालवून मोकळा होतो. आमच्या कार्यालयात तेव्हापासून एक नियम आहे: एआयने सुचवलेले कोणतेही पॅकेज बसवण्याआधी त्याचे भांडारातील पान उघडून पाहायचे, ते कधीपासून आहे, मूळ कोड कुठे आहे, आणि कोण प्रसिद्ध करते हे वाचायचे, आणि मगच आज्ञा चालवायची.

नावे खरी असली तरी सारखी दिसणारी नावे असतात, हे त्याच दिवशी कळले. यादीत ‘एफपीडीएफ’ होते. त्या नावाचे जुने पॅकेज खरोखर आहे, पण त्याची शेवटची आवृत्ती २०१५ मधली आहे. काम पुढे चालू आहे ते ‘एफपीडीएफ-२’ या नावाने. दोन्ही पॅकेजे प्रोग्रॅममध्ये एकाच नावाने बोलावली जातात, त्यामुळे दोन्ही एका संगणकावर बसली तर गोंधळ होतो. सहाय्यकाने वर्णन नव्याचे केले होते आणि बसवण्याची आज्ञा जुन्याची दिली होती. हार्फबझच्या साहाय्याने शेपिंग करण्याची सोय एफपीडीएफ-२ मध्ये २०२३ सालच्या २.७.५ या आवृत्तीत आली. म्हणजे त्या आज्ञेप्रमाणे वागलो असतो, तर ‘यातही मराठी येत नाही’ असे म्हणून आम्ही योग्य लायब्ररी यादीतून काढून टाकली असती.

मग मी प्रश्नच बदलला. ‘सर्वांत चांगली कोणती’ हे विचारणे सोडून आमच्या अटी सविस्तर लिहिल्या. दुकानातले सगळे संगणक विंडोजचे आहेत. इंटरनेट गेले तरी पट्टी निघाली पाहिजे. कागद अर्ध्या आकाराचा आणि मांडणी ठरलेली आहे. प्रोग्रॅम आम्ही दुकानात बसवून देणार आहोत, म्हणजे परवान्याच्या भाषेत ते वितरण ठरते. शेवटी दोन सूचना दिल्या: प्रत्येक विधानासोबत ते जिथून घेतले त्या अधिकृत पानाचा पत्ता द्यावा, आणि खात्री नसेल तिथे रकाना रिकामा सोडावा. या वेळी आलेला तक्ता आधीच्याइतका देखणा नव्हता. त्यात रिकाम्या जागा होत्या, आणि त्या रिकाम्या जागांनीच मला पुढे काय तपासायचे ते दाखवले. शेतकऱ्यांची खरी नावे किंवा रकमा मी त्या संभाषणात एकदाही दिल्या नाहीत. चाचणीसाठी सगळी माहिती बनवून घेतली होती. माहिती अडत्यांची आहे आणि ती बाहेर पाठवण्याची परवानगी आम्ही मागितलेली नव्हती.

परवान्याच्या बाबतीत सर्वाधिक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. पहिल्या तक्त्यात त्या रकान्यात सगळीकडे ‘मुक्त, व्यावसायिक वापरास योग्य’ असे एकच वाक्य होते. प्रत्यक्षात एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतून पीडीएफ बनवणारे वीझीप्रिंट बीएसडी परवान्याखाली आहे, एफपीडीएफ-२ एलजीपीएलखाली, आणि यादीतले पायएमयूपीडीएफ एजीपीएलखाली किंवा पैसे देऊन घ्यायच्या व्यावसायिक परवान्याखाली. हे तिन्ही ‘मुक्त’ असले, तरी आमच्यासारख्यांच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बीएसडीमध्ये मूळ हक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की बहुतेक पुरते. एलजीपीएलमध्ये आपला प्रोग्रॅम आपला राहतो, पण त्या लायब्ररीच्या जागी वापरकर्त्याला स्वतः बदललेली प्रत बसवता आली पाहिजे. एजीपीएलची लायब्ररी जोडून प्रोग्रॅम दिला, तर ज्याला तो दिला त्याला आपला संपूर्ण कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि प्रोग्रॅम केवळ नेटवर्कवरून वापरायला दिला तरीही ती अट सुटत नाही. ज्यांना आपला कोड खुला करायचा आहे त्यांच्यासाठी हा उत्तम परवाना आहे आणि त्यामागचा विचार मला पटतो. मात्र आमच्या प्रोग्रॅममध्ये अडत्यांच्या हिशोबाच्या खासगी पद्धती गुंफलेल्या होत्या, त्यामुळे तो पर्याय आम्ही बाजूला ठेवला.

परवान्याबद्दल एआयशी बोलताना मला एक गोष्ट खटकली. मी ‘हे चालेल ना?’ असे विचारले की उत्तर ‘चालेल’ या बाजूला झुकायचे, आणि ‘यात काही धोका आहे का?’ असे विचारले की तेच सहाय्यक धोक्यांची मालिका सांगू लागायचे. म्हणून परवान्याचा मूळ मजकूर मी स्वतः वाचला, न समजलेली कलमे तेवढी सहाय्यकाकडून सोप्या भाषेत समजून घेतली, आणि निष्कर्ष काढण्याचे काम त्याच्याकडे दिले नाही.

दुसरी अडचण कालमानाची होती. एआयचे ज्ञान एका तारखेपाशी थांबलेले असते आणि उत्तर देताना ते बहुधा तसे सांगत नाही. ठिकठिकाणी वर्षानुवर्षे वापरले गेलेले डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हे साधन त्याने आग्रहाने सुचवले, कारण त्याची स्तुती करणारी जुनी उत्तरे सगळीकडे विखुरलेली आहेत. पण त्या प्रकल्पाचे भांडार जानेवारी २०२३ मध्येच बंद करून केवळ वाचनासाठी ठेवण्यात आले आहे. वीझीप्रिंटसाठी लिहून दिलेल्या उदाहरणात पीएनजी चित्र काढणारी जी आज्ञा होती, ती २०२१ सालच्या ५३व्या आवृत्तीपासून काढून टाकलेली आहे. रिपोर्टलॅब या पीडीएफच्या जुन्या लायब्ररीबाबत चूक उलट दिशेने झाली. ‘तिच्यात शेपिंग होत नाही’ असे त्याने ठामपणे सांगितले आणि अनेक वर्षे ते खरेही होते, परंतु २०२५ मधील ४.४ या आवृत्तीपासून हार्फबझ जोडून शेपिंग करण्याची ऐच्छिक सोय तिच्यातही सुरू झाली आहे. या चुका लक्षात आल्यावर मी पद्धत बदलली. प्रत्येक लायब्ररीच्या बदलांची अधिकृत नोंदवही स्वतः उतरवून घ्यायची, तिचा मजकूर सहाय्यकापुढे ठेवायचा आणि ‘यात शेपिंग, देवनागरी, विंडोज यांविषयी असलेल्या ओळी वेगळ्या काढ’ असे सांगायचे. या कामात ते विलक्षण उपयोगी पडले. शेकडो ओळींची नोंदवही चाळून त्याने नेमक्या ओळी समोर ठेवल्या आणि त्या मूळ मजकुराशी ताडून पाहायला मला फार वेळ लागला नाही.

खात्री करण्यासाठी मी हाच प्रश्न दुसऱ्या कंपनीच्या सहाय्यकालाही विचारला होता. दोघांनीही बंद पडलेले तेच साधन सुचवले. तेव्हा क्षणभर वाटले की दोघे म्हणतात म्हणजे तथ्य असणार. पण दोघेही त्याच जुन्या मजकुरावर वाढलेले आहेत; एकाच गावगप्पेवरून बोलणाऱ्या दोघांना दोन साक्षीदार मानता येत नाही.

प्रकल्पाची प्रकृती कशी आहे, हा प्रश्नही असाच मी स्वतःकडे घेतला. त्या रकान्यात सहाय्यक गिटहबवरील ताऱ्यांची, म्हणजे लोकांनी दिलेल्या पसंतीच्या खुणांची, संख्या आणि ‘सक्रिय समुदाय’ हे दोन शब्द लिहीत असे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत चोरवाट घातल्याचे उघड झाले, तेव्हा ती घालणाऱ्याने सुमारे दोन वर्षे निष्ठेने काम करून थकलेल्या एकमेव देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला होता. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच जोडणीत, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरताना, अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय उशीर जाणवला म्हणून ती चोरवाट पकडली गेली. तारे मोजून यातले काहीच कळले नसते. म्हणून मी प्रत्येक प्रकल्पात शेवटची आवृत्ती कधी निघाली, ती काढणारे किती जण आहेत, कोणी चूक कळवली तर तिला उत्तर मिळते का, आणि सुरक्षेतील त्रुटींच्या ओएसव्ही या खुल्या नोंदसंग्रहात त्या आवृत्तीविरुद्ध काही उघडे आहे का, एवढे चार मुद्दे पाहिले. हे काम एका दुपारचे होते.

शेवटी तीन लायब्रऱ्या उरल्या आणि खरी परीक्षा सुरू झाली. मी एका कागदावर बारा शब्द लिहिले: गुऱ्हाळ, शेतकऱ्याचे, किलो, खर्च, कर्ज, शिल्लक, ट्रक, श्री, क्षेत्र, ज्ञानेश्वर, राष्ट्रीय आणि ॲडव्हान्स. प्रत्येक शब्द कशासाठी तरी निवडलेला होता. ‘राष्ट्रीय’ मध्ये ष, ट आणि र यांची तिहेरी जोडणी आहे. ‘ॲडव्हान्स’ मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये त्याच्या जागी नुसता चौकोन उमटतो. ‘शिल्लक’ मध्ये श आणि ल आहेत, ज्यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. फाँटमध्ये ती वळणे असतील, तर मजकूर मराठी असल्याचे लायब्ररीला सांगावे लागते, आणि तशी सांगण्याची सोय आहे की नाही हेही पाहायचे होते. आणि ‘गुऱ्हाळ’ मध्ये मराठीचा खास अर्धा र आहे, ह ला टेकलेल्या छोट्या आडव्या रेघेचा, ज्याच्याशिवाय आमच्या जिल्ह्यातली एकही गुळाची वही पूर्ण होत नाही. तिन्ही लायब्रऱ्यांसाठी चाचणीचे छोटे प्रोग्रॅम मी सहाय्यकाकडूनच लिहून घेतले. ते त्याने झटपट आणि बहुतेक बरोबर लिहिले. हाताने लिहिले असते तर दोन दिवस गेले असते. ‘नोटो सान्स देवनागरी’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हे दोन्ही फाँट खुल्या फाँट परवान्याचे असल्याने सोबत देता येणारे होते, तेच घेतले. बाराही शब्द तिन्ही ठिकाणी नीट उमटले आणि मला वाटले की आता फक्त सोय पाहून निवड करायची आहे.

मग चाचणीसाठी बनवलेली माहिती खऱ्या पट्टीच्या रचनेत भरून पन्नास पट्ट्या काढल्या. त्यांचे फोटो सहाय्यकाला दाखवून विचारले, तेव्हा सर्व मजकूर शुद्ध असल्याचे उत्तर आले. त्याच पट्ट्या दिवाणजींपुढे ठेवल्या. त्यांनी सहा-सात बाजूला सारल्या आणि आठवीवर बोट ठेवले. “हे गुर्हाळ कुठलं हो? आपल्याकडं गुऱ्हाळ असतं.” पत्त्याच्या ओळीत अर्धा र नाहीसा होऊन ह च्या डोक्यावर रफार चढला होता. इतर पट्ट्यांवर तोच शब्द बरोबर होता.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ आणि त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे ‘जोडा’ असे सांगणारे एक न दिसणारे चिन्ह असते. वेगवेगळ्या कीबोर्डांवरून वेगवेगळ्या लोकांनी भरलेल्या चाचणीच्या माहितीत दोन्ही प्रकार मिसळलेले होते. जुनी माहिती युनिकोडमध्ये आणताना तिच्यातला कचरा साफ करण्यासाठी मी एआयकडून एक प्रोग्रॅम लिहून घेतला होता. चाचणीची माहितीही त्यातूनच गेली होती आणि त्या प्रोग्रॅमने ‘अदृश्य चिन्हे काढून टाकणे’ हे काम चोखपणे केले होते. इंग्रजी मजकुरात ती चिन्हे बहुधा कचराच असतात. मराठीत तेच चिन्ह गेले की ‘गुऱ्हाळ’चे ‘गुर्हाळ’ होते, आणि लायब्ररी जे दिले ते इमानाने छापते. फोटो पाहताना सहाय्यकाने काय केले असावे, याचा मी बराच विचार केला. शब्द काय असायला हवा हे त्याला ठाऊक असते आणि ते तोच वाचते. दिवाणजी अक्षर वाचतात, कारण एका अक्षराने नाव बदलते आणि नाव बदलले की पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात.

मूळ माहितीवरून रूपांतर पुन्हा केले, या वेळी सगळीकडे पहिला प्रकार कायम केला, आणि चाचणीच्या कागदावर ‘गुऱ्हाळ’ दोन्ही प्रकारांनी लिहून ठेवला.

निवड शेवटी एफपीडीएफ-२ ची झाली. वीझीप्रिंटची छपाई मला अधिक देखणी वाटली आणि एचटीएमएलमध्ये मांडणी करणे सोपेही होते. पण तिच्यासाठी विंडोजवर पँगो ही वेगळी लायब्ररी बसवावी लागते, आणि सौदे चालू असताना एखादा संगणक नव्याने मांडावा लागला तर ते जास्तीचे काम नको होते. पट्टीची मांडणी ठरलेली असल्याने एफपीडीएफ-२ मध्ये चौकोन आखून मजकूर बसवणे पुरेसे होते. शेपिंगसाठी यूहार्फबझ हे पॅकेज आणखी बसवावे लागते आणि शेपिंग सुरू करण्याची ओळ स्वतः लिहावी लागते, ती विसरली की पुन्हा ‘कलिो’ दिसतो. म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच ती तपासणी होते. एलजीपीएलची अट पाळता यावी म्हणून सगळे एका बंद फाइलीत न गुंडाळता लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, परवान्याचा मजकूर शेजारी ठेवला आणि प्रत्येक पॅकेजची आवृत्ती व हॅश, म्हणजे फाइल बदलली तर ओळखू येईल असा तिचा ठसा, नोंदवून ठेवला. वर्षअखेरीच्या मोठ्या अहवालांसाठी, जे आमच्या कार्यालयातूनच निघतात, वीझीप्रिंट ठेवले आहे.

पाडव्याला सकाळी काट्याची आणि वह्यांची पूजा झाली, पहिल्या रव्यांचा सौदा निघाला आणि पहिली पट्टी छापली गेली. दिवाणजींनी तिच्यावर हळदकुंकू लावण्याआधी ती दाराच्या उजेडात नेली, वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीखाली बोट फिरवले, आणि मग समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हातात दिली. त्याने आपले नाव, गाव आणि गुऱ्हाळ मोठ्याने वाचले आणि मग आकडा पाहिला.

दोन दिवसांनी दिवाणजींनी माझ्या चाचणीच्या कागदाची प्रत मागून घेतली. परत आली तेव्हा तिच्यावर पेन्सिलने तेरावा शब्द लिहिलेला होता: ‘दुय्यम’. दोन य एकमेकांत बसतात की नाही ते मी पाहिलेच नव्हते. छापून पाहिला, नीट उमटला. आता आवृत्ती बदलण्यापूर्वी तेरा शब्द छापले जातात.